क्विकबेसिकमधील स्क्रीन इफेक्ट: बाहेरच्या लायब्ररीतली कोणती रूटीन घ्यावीत आणि कोणती स्वतः लिहावीत?

नांगर (धागाकर्ता)

आमच्या कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा हिशेब काकांनी क्विकबेसिक ४.५ या डॉसवरच्या जुन्या बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो आणि सध्या आम्ही तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, वापरतो. हिशेबाच्या भागाला हात लावायची मला गरज वाटत नाही, पण स्क्रीनची मांडणी सुधारावी अशी मनापासून इच्छा आहे. खातेदाराचे नाव शोधताना आहे त्याच स्क्रीनवर एक छोटी चौकट उघडावी, तिला उजवीकडे व खाली सावली असावी आणि ती बंद केल्यावर खालचा मजकूर जसाच्या तसा परत दिसावा, ही पहिली गरज आहे. सुरुवातीचा स्क्रीन एकदम पुसला न जाता हळूहळू अंधारत जावा, ही दुसरी. दुकानाचे नाव वरच्या ओळीत देवनागरीत दिसले तर फारच आनंद होईल.

चौकटीखालचा मजकूर जपण्यासाठी मी 'स्क्रीन' हे फंक्शन वापरून प्रत्येक जागेवरचे अक्षर आणि त्याचा रंग वाचून अ‍ॅरेमध्ये ठेवतो आणि नंतर 'लोकेट', 'कलर' व 'प्रिंट' यांनी परत लिहितो. हे बरोबर चालते, पण मजकूर ओळीओळीने भरत जाताना डोळ्यांना दिसतो. अशा कामांसाठी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, लिहिलेल्या तयार रूटीनच्या (छोट्या उपप्रोग्रामांच्या) लायब्ररी मिळत असत, असे वाचले आहे. त्या क्विकबेसिकला कशा जोडायच्या आणि माझ्या गरजेपुरती त्यांची आवश्यकता आहे का, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

बिटबाइट यांचा प्रतिसाद

सुरुवात स्क्रीनच्या मेमरीपासून करू, कारण तिची रचना समजली की कोणत्या रूटीनची किंमत मोजावी हे आपोआप ठरते. रंगीत टेक्स्ट मोडमध्ये ८० स्तंभ आणि २५ ओळींचा संपूर्ण स्क्रीन बी८०० या हेक्साडेसिमल (१६च्या पायावरच्या) सेगमेंटपासून, म्हणजे मेमरीच्या त्या भागापासून, सलग ४,००० बाइटांत ठेवलेला असतो. प्रत्येक जागेला २ बाइट मिळतात: सम पत्त्यावर अक्षराचा कोड आणि त्यापुढच्या विषम पत्त्यावर रंगाचा बाइट. रंगाच्या बाइटमधील खालचे ४ बिट अक्षराचा रंग सांगतात, त्यावरचे ३ बिट पार्श्वभूमीचा आणि सर्वांत वरचा बिट लुकलुकण्यासाठी राखलेला असतो. कोणत्याही जागेचा पत्ता (ओळ − १) × १६० + (स्तंभ − १) × २ या सूत्राने निघतो.

आता 'प्रिंट' मंद का वाटते ते पाहा. प्रत्येक वेळी तिला कर्सर कुठे आहे, ओळ संपली का, स्क्रीन वर सरकवायचा का, 'व्ह्यू प्रिंट'ने मर्यादा घातली आहे का, हे सर्व तपासावे लागते. बाहेरच्या लायब्ररीतील रूटीन हा सगळा विचार वगळून अक्षर आणि रंग थेट मेमरीत टाकते. क्रेसेंट सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'क्विकपॅक प्रोफेशनल'मधील 'क्यूप्रिंट' हे रूटीन नेमके हेच करते, आणि त्या काळच्या व्यावसायिक बेसिक प्रोग्रामांचे स्क्रीन झटकन उमटत त्यामागे अशीच रूटीन असत.

तरीही आपली यादी वाचून माझे मत असे झाले की मोठ्या लायब्ररीची आपल्याला गरज नाही. सावलीसाठी अक्षर बदलायचेच नसते. फक्त विषम पत्त्यावरच्या रंगाच्या बाइटमध्ये ८ ही किंमत, म्हणजे काळ्यावर गडद राखाडी, लिहायची असते. ४० स्तंभ आणि १० ओळींच्या चौकटीची सावली उजवीकडचे २ स्तंभ आणि खालची १ ओळ एवढीच असल्याने जेमतेम ६० जागा बदलतात. सेगमेंट निवडणारी 'डेफ सेग' ही आज्ञा लूपच्या बाहेर एकदाच देऊन आत 'पोक'ने थेट मेमरीत बाइट लिहिले, तर हे काम डोळ्याला कळायच्या आत होते. काम झाल्यावर मात्र आकडा न देता 'डेफ सेग' पुन्हा लिहायला विसरू नका. 'कॉल अ‍ॅब्सोल्यूट' हे मशीन कोडला हाक मारणारे रूटीन सध्याच्या सेगमेंटमध्येच तो कोड शोधते आणि सेगमेंट बी८०० राहिलेला असेल, तर प्रोसेसर स्क्रीनवरचा मजकूरच सूचना समजून चालवू लागतो.

जुनाकोड यांचा प्रतिसाद

चौकटीखालचा मजकूर जपण्यासाठी क्विकबेसिकमध्येच स्क्रीनच्या एका पानाची प्रत दुसऱ्यावर घेणारी 'पीकॉपी' ही आज्ञा आहे आणि तिच्याकडे लोकांचे अकारण दुर्लक्ष होते. व्हीजीए या डिस्प्ले कार्डावर ८० स्तंभांच्या टेक्स्ट मोडमध्ये ८ पाने मिळतात. चौकट उघडण्यापूर्वी ०व्या पानाची प्रत १ल्या पानावर घ्यावी, चौकट बंद करताना १ल्या पानाची प्रत ०व्यावर आणावी, एवढ्या २ ओळींत काम संपते. चौकटीत चौकट उघडायची असेल तर पुढचे पान वापरावे. याच्यासाठी कोणतीही लायब्ररी लागत नाही.

आणखी एक सोय सांगतो. नेहमी लागणारे स्क्रीन, उदाहरणार्थ मदतीचे पान, एकदा नीट रंगवून बी८०० या सेगमेंटपासून ४,००० बाइट 'बीसेव्ह'ने फाइलमध्ये ठेवता येतात आणि हवे तेव्हा 'बीलोड'ने एका फटक्यात स्क्रीनवर आणता येतात.

नांगर

दोघांचेही आभार. 'पीकॉपी'ने चौकटीचा प्रश्न सुटला आणि सावलीही जमली. पण मग या लायब्ररी लोक कशासाठी घेत असत, हे समजून घ्यायला आवडेल. शिवाय हिशेबाची यादी चौकटीच्या आतच वर सरकावी असे वाटते. 'व्ह्यू प्रिंट' फक्त ओळींची मर्यादा घेते, स्तंभांची घेत नाही, त्यामुळे चौकटीच्या दोन्ही बाजूंचा मजकूरही सरकतो.

बिटबाइट यांचा प्रतिसाद

आपला दुसरा प्रश्न हाच पहिल्याचे उत्तर आहे. चौकटीच्या आत मजकूर सरकवण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकातील मूळ सॉफ्टवेअरमध्ये, आहे, पण बायोसला हाक मारण्याची सोय बेसिक भाषेत नाही. ती क्विकबेसिकसोबत आलेल्या 'क्यूबी डॉट क्यूएलबी' या छोट्या लायब्ररीत आहे. क्विकबेसिक सुरू करताना '/एल' हा पर्याय दिला की ती मेमरीत चढते आणि 'कॉल इंटरप्ट', 'कॉल इंटरप्टएक्स' व 'कॉल अ‍ॅब्सोल्यूट' ही रूटीन वापरता येतात. त्यांच्या घोषणा 'क्यूबी डॉट बीआय' या फाइलमध्ये असतात; ती प्रोग्रामच्या आरंभी 'इन्क्लूड' करावी. एमएस-डॉस ५सोबत १९९१ साली आलेल्या क्यूबेसिकमध्ये अशी लायब्ररी चढवता येत नाही. तिथे फक्त 'कॉल अ‍ॅब्सोल्यूट' उपलब्ध असते.

व्हिडिओसाठी बायोसचा इंटरप्ट (बायोसला हाक मारण्याचा क्रमांक) हेक्साडेसिमल १० हा आहे. त्याचे ६ क्रमांकाचे कार्य चौकटीतला मजकूर वर सरकवते आणि ७ क्रमांकाचे खाली. प्रोसेसरच्या एएक्स या रजिस्टरमध्ये हेक्साडेसिमल ६०० अधिक किती ओळी सरकवायच्या ती संख्या, बीएक्समध्ये रिकाम्या होणाऱ्या ओळीचा रंग गुणिले २५६, सीएक्समध्ये वरचा डावा कोपरा आणि डीएक्समध्ये खालचा उजवा कोपरा द्यायचा. दोन्ही कोपऱ्यांत ओळ गुणिले २५६ अधिक स्तंभ अशी मांडणी असते आणि मोजणी ०पासून सुरू होते, म्हणून बेसिकच्या ओळी-स्तंभांतून १ वजा करावा लागतो. ओळींची संख्या ० दिली तर संपूर्ण चौकट पुसली जाते. लुकलुकणारा रंग, म्हणजे १२८ किंवा त्याहून मोठी किंमत, २५६ने गुणली की इंटिजरची ३२,७६७ ही मर्यादा ओलांडली जाते आणि 'ओव्हरफ्लो' येतो. तशा वेळी गुणाकार लाँगमध्ये करून उत्तर ३२,७६७पेक्षा मोठे असल्यास त्यातून ६५,५३६ वजा करून इंटिजरमध्ये ठेवावे.

याच रूटीनने पडदा वर जाण्याचा इफेक्टही करता येतो: संपूर्ण स्क्रीन एकेक ओळ असा २५ वेळा वर सरकवायचा आणि प्रत्येक वेळी किंचित थांबायचे.

मोठ्या लायब्ररींचा उपयोग याच्या पुढे सुरू होतो. चौकट मध्यबिंदूपासून चारही बाजूंनी उमलत जाणे, संपूर्ण स्क्रीन डावीकडून आत सरकत येणे, चौकट स्क्रीनवर हलवत नेणे आणि प्रत्येक पावलाला खालचा तुकडाच तेवढा परत भरणे, या कामांत सेकंदाला कित्येक वेळा हजारो बाइट इकडून तिकडे न्यावे लागतात. 'पोक'च्या लूपने ते नेले तर त्या काळच्या यंत्रांवर हालचाल अडखळत असे. असेंब्लीतले रूटीन तेच काम प्रोसेसरच्या एका पुनरावृत्तीच्या सूचनेने करते. ग्राफिक्ससाठी, म्हणजे ३२० गुणिले २०० बिंदू आणि २५६ रंगांच्या 'स्क्रीन १३'साठी, पुढे 'डायरेक्टक्यूबी'सारख्या मोफत लायब्ररी आल्या. तिथे एका चित्रासाठी ६४,००० बाइट हलवावे लागतात, म्हणून तिथे लायब्ररीवाचून सहज हालचाल मिळणे अवघड असते. आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामला मात्र हा भार कशाला द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुनाकोड यांचा प्रतिसाद

लायब्ररी जोडण्याबद्दल थोडे लिहितो, कारण नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ इथे जातो.

'क्यूएलबी' फाइल ही क्विकबेसिकच्या संपादकात प्रोग्राम चालवून पाहण्यासाठी असते आणि 'लिब' फाइल ही अंतिम ईएक्सई, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी फाइल, बनवण्यासाठी. दोन्हींचे नाव सारखे ठेवावे, कारण संपादकातून ईएक्सई बनवताना त्याच नावाची 'लिब' शोधली जाते. संपादकात एका वेळी एकच 'क्यूएलबी' चढते, म्हणून 'क्यूबी' आणि दुसरी एखादी लायब्ररी अशा दोन्ही हव्या असतील, तर त्यांच्या 'लिब' फाइली 'लिंक' या जोडणी करणाऱ्या प्रोग्रामला '/क्यूयू' हा पर्याय देऊन 'बीक्यूएलबी४५ डॉट लिब'सह एकत्र कराव्या लागतात. १९९०च्या बेसिक पीडीएस ७.१ या क्विकबेसिकच्या व्यावसायिक भावंडासाठी हीच पायरी 'क्यूबीएक्सक्यूएलबी डॉट लिब'सह करायची असते आणि एकासाठी बनवलेली 'क्यूएलबी' दुसऱ्यात चालत नाही.

'क्यूएलबी' संपूर्णच्या संपूर्ण मेमरीत बसते, पण 'लिब'मधून ईएक्सईमध्ये फक्त लागणारी मॉड्यूल घेतली जातात. म्हणून चांगल्या लायब्ररीत प्रत्येक रूटीन वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवलेले असते. लायब्ररी निवडताना मी हे आधी पाहतो.

सर्वांत जास्त काळजी 'डिक्लेअर'ची, म्हणजे रूटीनची आर्ग्युमेंट सांगणाऱ्या घोषणेची, घ्यावी. असेंब्लीतले रूटीन परत येताना स्टॅकवरून किती बाइट काढायचे हे स्वतः ठरवते. तुम्ही या घोषणेत एक आर्ग्युमेंट कमी दिले किंवा 'बायव्हॅल' (पत्त्याऐवजी किंमत पाठवण्यासाठीचा शब्द) लिहायचे राहिले, तर कंपायलर काहीही बोलणार नाही आणि यंत्र मात्र गोठेल. लायब्ररीसोबत आलेली घोषणांची फाइलच वापरावी, आठवणीवर विसंबून स्वतः टाइप करू नये. दुसरी बाब स्ट्रिंगची. क्विकबेसिक ४.५मध्ये स्ट्रिंगची माहिती ४ बाइटांत असते, २ लांबीचे आणि २ पत्त्याचे. पीडीएसमध्ये 'फार' (far) प्रकारच्या, म्हणजे नेहमीच्या डेटा सेगमेंटबाहेर ठेवलेल्या, स्ट्रिंग वापरल्या तर हे गणित बदलते. त्यामुळे ४.५साठी लिहिलेले मजकूर छापणारे रूटीन पीडीएसमध्ये चुकीच्या जागेवरून वाचू लागते, तर इंटिजर घेणारे रूटीन दोन्हीकडे नीट चालते.

नांगर

यादी आता चौकटीतच सरकते, फार समाधान वाटले. अंधारत जाणाऱ्या स्क्रीनसाठी मी व्हीजीएच्या ० ते १५ या रंगांच्या किंमती हळूहळू कमी केल्या, पण निळी पार्श्वभूमी विझते आणि पिवळी व पांढरी अक्षरे तशीच चमकत राहतात. याचे कारण काय असावे?

बिटबाइट यांचा प्रतिसाद

टेक्स्ट मोडमधले १६ रंग थेट व्हीजीएच्या रंगकोष्टकातील पहिल्या १६ घरांकडे बोट दाखवत नाहीत. मध्ये आणखी एक पायरी आहे, जी व्हीजीएच्या आधीच्या ईजीए कार्डाच्या काळापासून चालत आली आहे. तिच्यामुळे ० ते ५ हे रंग त्याच क्रमांकाच्या घरांकडे जातात, ६वा तपकिरी रंग २०व्या घराकडे जातो, ७वा ७व्याकडे आणि ८ ते १५ हे रंग ५६ ते ६३ या घरांकडे जातात. तुमचा पिवळा म्हणजे १४वा रंग ६२व्या घरात आहे आणि पांढरा ६३व्या. म्हणून पहिली ६४ घरे अंधारवा, म्हणजे सर्व रंग एकत्र विझतील.

पद्धत अशी ठेवा. हेक्साडेसिमल ३सी७ या पोर्टवर ० लिहून ३सी९वरून ६४ घरांच्या लाल, हिरव्या व निळ्या किंमती, म्हणजे १९२ आकडे, एका अ‍ॅरेत वाचून ठेवा. प्रत्येक किंमत ० ते ६३ या दरम्यान असते. मग पायरी ६३पासून ०पर्यंत उतरवत न्या आणि प्रत्येक पायरीला ३सी८वर ० लिहून ३सी९वर मूळ किंमत गुणिले पायरी भागिले ६३ असे १९२ आकडे क्रमाने लिहा. गुणाकार नेहमी मूळ किंमतीचाच करावा. आधीच कमी केलेल्या किंमतीतून १ वजा करत गेल्यास गडद रंग आधी शून्याला पोहोचतात आणि तेजस्वी रंग मागे राहतात, त्यामुळे रंगांचा तोल बिघडलेला दिसतो.

लिहिण्याआधी स्क्रीनच्या उभ्या परतीची, म्हणजे एक चित्र काढून झाल्यावर पुन्हा वरच्या टोकाला जाण्याच्या क्षणाची, वाट पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी 'वेट' ही आज्ञा हेक्साडेसिमल ३डीए या पोर्टवर दोनदा द्यावी: आधी ८, ८ या आकड्यांसह, म्हणजे चालू परत संपेपर्यंत थांबणे होते, आणि मग फक्त ८सह, म्हणजे नवी परत सुरू होण्याच्या क्षणी पुढे जाता येते. टेक्स्ट मोडमध्ये व्हीजीए सेकंदाला ७० वेळा स्क्रीन काढते, म्हणून ६४ पायऱ्यांना सुमारे ०.९ सेकंद लागतो आणि हा वेग प्रोसेसर बदलला तरी तोच राहतो. रिकाम्या लूपने थांबवलेले जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर क्षणात विझतात. परतीवर थांबणारा प्रोग्राम तसा वागत नाही. स्क्रीन पूर्ण काळा झाल्यावर आधी 'सीएलएस' करावे आणि त्यानंतरच मूळ १९२ किंमती परत भराव्यात. हा क्रम उलटला तर विझलेला मजकूर क्षणभर पुन्हा झळकतो.

अक्षरवेल यांचा प्रतिसाद

देवनागरी शीर्षकाबद्दल मी लिहितो, कारण या विषयाची मला विशेष आस्था आहे. डॉसच्या काळात टेक्स्ट मोडमध्ये भारतीय लिप्या दाखवण्याचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डाने केले. ते कार्ड संगणकात बसवावे लागे. एका ओळीच्या शीर्षकासाठी मात्र व्हीजीएची अक्षरे बदलणे पुरेसे आहे आणि तेही त्याच 'क्यूबी' लायब्ररीने जमते.

इंटरप्ट १०चे हेक्साडेसिमल ११०० हे कार्य अक्षरांचे आकार नव्याने भरते. बीएक्सच्या वरच्या बाइटमध्ये प्रत्येक अक्षराच्या बाइटांची संख्या, म्हणजे १६, आणि खालच्यात ०, सीएक्समध्ये किती अक्षरे, डीएक्समध्ये पहिल्या अक्षराचा कोड, आणि आकारांच्या अ‍ॅरेचा पत्ता ईएस व बीपी यांत द्यायचा. ईएस द्यायचा असल्याने इथे साधे 'इंटरप्ट' चालत नाही, 'इंटरप्टएक्स' लागते. आणि डीएसची किंमत आहे तशीच राहावी म्हणून तिथे −१ द्यावा. आकार स्ट्रिंगमध्ये न ठेवता इंटिजर अ‍ॅरेत ठेवावेत, कारण स्ट्रिंग मेमरीत जागा बदलतात. त्या अ‍ॅरेचा सेगमेंट व पत्ता सांगणारे 'व्हारसेग' आणि 'व्हारपीटीआर' हाकेच्या लगेच आधी घ्यावेत.

आता खरी अडचण. व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षराला ८ बिंदूंचा आकार असतो, पण जागा ९ बिंदूंची असते. नववा बिंदू सामान्यतः रिकामा सोडला जातो, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक घराच्या सीमेवर तुटते. अपवाद फक्त १९२ ते २२३ या ३२ कोडांचा. चौकटीच्या आडव्या रेषा सलग दिसाव्यात म्हणून या कोडांत आठवा बिंदू नवव्या जागी पुन्हा काढला जातो. देवनागरीचे आकार याच कोडांत बसवले की शिरोरेषा अखंड राहते. परंतु ही पुनरावृत्ती घराच्या सर्व १६ ओळींत होते, केवळ शिरोरेषेच्या ओळीत नव्हे. म्हणून काना आठव्या स्तंभात काढला तर तो दुप्पट जाड दिसतो. तो सातव्या स्तंभात काढावा आणि आठव्यात फक्त शिरोरेषा ठेवावी.

८ बिंदूंच्या रुंदीत 'श' किंवा 'क्ष' वाचनीय होत नाही, त्यामुळे बहुतेक अक्षरांना २ घरे द्यावीत. डॉसबॉक्समध्ये नववा बिंदू दिसतो की नाही हे त्यात निवडलेल्या व्हिडिओ यंत्रावर अवलंबून असते, म्हणून दोन्ही प्रकारे पाहून घ्यावे.

नांगर

हे वाचून फार उत्साह आला. पण माझ्या चौकटीही याच कोडांतल्या रेषांनी काढलेल्या आहेत. शीर्षकासाठी ते कोड वापरले तर चौकटी बिघडणार नाहीत का? आणि पुढेमागे हा प्रोग्राम क्यूबी६४वर, म्हणजे आजच्या संगणकांवर चालणाऱ्या क्विकबेसिकसारख्या भाषेवर, न्यायचा झाला तर यातले काय टिकेल?

जुनाकोड यांचा प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. क्यूबी६४मध्ये 'क्यूएलबी' चढत नाही आणि फ्रीबेसिकमध्येही नाही. म्हणून 'इंटरप्ट', 'आउट' आणि 'पोक' हे प्रोग्रामभर विखुरलेले राहू देऊ नका. चौकट उघडणे, चौकट बंद करणे, चौकटीत ओळ सरकवणे, स्क्रीन अंधारणे आणि शीर्षक काढणे अशी स्वतःची ५ सब-रूटीन एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये लिहा आणि हिशेबाच्या भागातून फक्त त्यांनाच हाक मारा. क्यूबी६४वर जाताना तेवढे एकच मॉड्यूल बदलावे लागेल. तिथे रंग बदलण्यासाठी '_पॅलेटकलर' आणि तयार चित्र एकदम दाखवण्यासाठी '_डिस्प्ले' अशा आज्ञा भाषेतच आहेत, आणि देवनागरी शीर्षक चित्र म्हणून सरळ लावता येईल.

अक्षरवेल यांचा प्रतिसाद

कोडांचा हिशेब मांडतो. एकेरी रेषेच्या चौकटीला ६ आकार लागतात. त्यांपैकी उभी रेषा १७९ आणि वरचा उजवा कोपरा १९१ हे आपल्या १९२ ते २२३ या पट्ट्याबाहेरच आहेत. पट्ट्याच्या आत खालचा डावा कोपरा १९२, आडवी रेषा १९६, खालचा उजवा कोपरा २१७ आणि वरचा डावा कोपरा २१८ हे चार येतात. त्यांतल्या २१७ची रेषा डावीकडेच जाते, उजवी कड रिकामी असते, म्हणून त्याला नवव्या बिंदूची गरज नाही. तो आकार पट्ट्याबाहेरच्या एखाद्या न वापरलेल्या कोडावर नेता येतो. राखायचे कोड ३ उरतात आणि शीर्षकासाठी २९ मोकळे होतात. शब्दाच्या शेवटच्या घराला उजवीकडे जोडायची शिरोरेषा नसते, त्यामुळे तेही बाहेरच्या कोडावर ठेवता येते. दुहेरी रेषेच्या चौकटी कुठे वापरल्या असतील, तर २००, २०१ आणि २०५ हेही राखावे लागतील.

एकच आकार दोनदा येत असेल तर कोड पुन्हा वापरावा. 'कृषी सेवा केंद्र' या नावात 'क' दोनदा आहे, पण एकाखाली ऋकार आणि दुसऱ्यावर मात्रा व अनुस्वार असल्याने त्यांची घरे वेगळी धरावीत. १६ ओळींपैकी वरच्या ३ मात्रेसाठी, चौथी शिरोरेषेसाठी, मधल्या ९ अक्षरासाठी आणि खालच्या ३ उकार-ऋकारासाठी अशी वाटणी करून चौकटीच्या कागदावर आधी आकार काढावेत, मग आकडे मांडावेत.